स्टीलच्या कामातले तात्पुरते लोड: सेफ्टी फॅक्टर निवडताना काय पाहायचं

"काम तात्पुरतंच आहे, फॅक्टर थोडा कमी धरा." स्टीलच्या डिझाइन ऑफिसात नव्याने बसलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पहिल्या काही महिन्यांतच ऐकू येतं. कधी साइटवरून फोन येतो, कधी फॅब्रिकेटर समोर बसून सांगतो. ऐकायला पटतंही. शेड चाळीस वर्षं उभी राहणार, तिला दीडचा फॅक्टर (धरलेल्या लोडला गुणायचा आकडा) ठीक. पण महिन्याभराने काढून टाकायच्या ब्रेसिंगला (फ्रेम हलू नये म्हणून लावलेल्या आधारांना) किंवा आठवडाभराच्या प्लॅटफॉर्मला तोच दीड कशाला?

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक, लोड किती मोठा येईल. दोन, आपण धरलेल्या आकड्याची खात्री किती. मुदत कमी असेल तर पहिली गोष्ट बदलू शकते, आणि तीही फक्त वाऱ्यासारख्या लोडच्या बाबतीत. दुसरी गोष्ट मुदतीवर अजिबात अवलंबून नसते. महिनाभर राहणाऱ्या प्लॅटफॉर्मवर कोणी किती माल चढवेल, याची खात्री कायमच्या मजल्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच असते. सेफ्टी फॅक्टर त्या अनिश्चिततेसाठी आहे. म्हणून माझं म्हणणं असं: सवलत घ्यायचीच असेल तर लोडच्या आकड्यात, एकदाच, कोडच्या आधाराने आणि लिहून घ्या. फॅक्टरला हात लावू नका.

पुढची सगळी मांडणी आयएस ८००:२००७ या भारतीय स्टील कोडच्या लिमिट स्टेट पद्धतीला (लोड फॅक्टरने वाढवायचा, ताकद फॅक्टरने कमी करायची, मग दोन्ही ताडून पाहायचं) धरून आहे. आपल्याकडच्या इंडस्ट्रियल शेड, मेझनिन (पोटमजला), पाइप रॅक, स्टेज, तात्पुरते टॉवर अशा कामांसाठी ती पुरेशी आहे. पुलांची कोडं वेगळी, त्यात इथले आकडे नेऊन बसवू नका.

सुरुवातीला टेबलावर काय हवं

- आयएस ८००:२००७, सुधारणा पत्रकांसह. त्यातलं कलम ३.३ (इरेक्शन लोड, म्हणजे उभारणीच्या काळातले लोड), तक्ता ४ (लोडचे फॅक्टर) आणि तक्ता ५ (मटेरियलचे फॅक्टर) यांना खुणेची चिठ्ठी लावून ठेवा.
- आयएस ८७५ (लोडचा कोड) चे भाग १, २ आणि ३. भाग ३ वाऱ्याचा, तो २०१५ चाच हवा. ऑफिसच्या कपाटात १९८७ ची प्रत अजून पडलेली असते, ती बाजूला ठेवा.
- आयएस ७२०५:१९७४, स्टील इरेक्शनच्या सुरक्षिततेसाठी. काँक्रीटच्या सेंटरिंगखालचे आधार असतील तर आयएस १४६८७:१९९९.
- इरेक्शनचा क्रम, लेखी. "नेहमीसारखं करू" हा क्रम नव्हे.
- चढवायच्या मालाची वजनं, सप्लायरच्या कागदावरून.
- क्रेनचा लोड चार्ट आणि चेन पुली ब्लॉकची क्षमता.
- स्टीलची मिल टेस्ट सर्टिफिकेट. जुनं स्टील परत वापरणार असाल तर प्रत्यक्ष मोजलेली जाडी.

इरेक्शनचा क्रम मिळाला नाही तर काम सुरू करू नका, तो मागून घ्या. बाकीचे कागद एखाद्या दिवसाने आले तरी चालेल. क्रम नसेल तर नेमकी कोणती अवस्था तपासायची हेच कळत नाही.

१. प्रत्येक तात्पुरत्या लोडची नोंद करा

साधा तक्ता करा आणि प्रत्येक लोडसमोर पाच उत्तरं लिहा. तो किती? कुठे बसणार, आणि तिथून सरकू शकतो का? किती दिवस राहणार? कोणाच्या ताब्यात आहे? आणि तो येईल तेव्हा स्ट्रक्चर किती पूर्ण झालेलं असेल?

शेवटचा प्रश्न बहुतेक नवे इंजिनिअर विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. मेलबर्नचा वेस्ट गेट पूल १५ ऑक्टोबर १९७० रोजी बांधकाम चालू असताना कोसळला, त्यात ३५ जण गेले. बॉक्स गर्डरचे दोन अर्धे भाग वेगवेगळे तयार करून वर जोडायचे होते. जोडताना दोघांच्या पातळीत सुमारे ११ सेंटीमीटरचा फरक निघाला. उंच असलेला भाग खाली दाबण्यासाठी त्यावर काँक्रीटचे १० ठोकळे ठेवले, प्रत्येकी सुमारे ८ टनांचे. त्या वजनाने वरची प्लेट फुगली. फुगवटा काढायला जोडाचे बोल्ट सोडत असताना अख्खा गाळा खाली आला. पूर्ण झालेल्या पुलाच्या लोडच्या यादीत ते ठोकळे कुठेच नव्हते, आणि ज्या अर्ध्या सेक्शनवर ते ठेवले तो पूर्ण सेक्शनसारखा वागणारच नव्हता.

म्हणून तक्त्यातला "तेव्हा स्ट्रक्चर किती पूर्ण" हा रकाना रिकामा ठेवू नका. "फ्रेम १ ते ४ उभ्या, छपराचं ब्रेसिंग फक्त पहिल्या गाळ्यात, पर्लिन बसवले पण सॅगरॉड नाहीत" असं स्पष्ट लिहा. (गाळा म्हणजे दोन फ्रेममधला भाग, पर्लिन म्हणजे पत्र्याखालचे आडवे मेंबर, सॅगरॉड म्हणजे पर्लिनना मधे धरणाऱ्या सळ्या.)

२. लोड कोणत्या वर्गातला ते ठरवा: इरेक्शन की लाइव्ह

कोडमध्ये डेड लोड (स्ट्रक्चरचं स्वतःचं वजन) अधिक इरेक्शन लोड या जोडीला दोन्हीकडे १.२ फॅक्टर आहे. डेड अधिक लाइव्हला (माणसं, सामान असा वापराचा लोड) दोन्हीकडे १.५. त्यामुळे प्रत्येक तात्पुरत्या लोडला "इरेक्शन" म्हणायचा मोह होतो.

कलम ३.३ नुसार बांधकामाचा माल साठवणं किंवा जागेवर बसवणं, इरेक्शनची यंत्रं आणि ती चालवताना येणारे लोड, हे इरेक्शन लोड. माझ्या मते १.२ परवडतो तो एका कारणामुळे: हे लोड मोजलेले आणि कोणाच्या तरी ताब्यातले असतात. क्रेनने उचलायचं वजन माहीत असतं. वर कोण चढेल ते ठरलेलं असतं. खाली जबाबदार माणूस उभा असतो.

मग कसोटी सोपी होते. तो लोड ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढला तर थांबवणारा माणूस तिथे आहे का? असेल तर १.२. नसेल तर त्याला लाइव्ह लोड समजा आणि १.५ लावा.

उदाहरणार्थ, चालू कारखान्यात नवीन मेझनिन उभं राहतंय. त्याच्यावर तात्पुरतं सामान ठेवायला कारखान्याच्या माणसांनी सुरुवात केली, की तो इरेक्शन लोड राहिला नाही. तुमचा इरेक्शनचा मुकादम त्यांना अडवू शकत नाही. तसंच गणेशोत्सवातलं स्टेज किंवा प्रेक्षकांसाठीची गॅलरी. दहा दिवसांनी सगळं निघणार असलं तरी वर चढणारी गर्दी तुमच्या ताब्यात नाही. खुर्च्या पक्क्या नसलेल्या सभेच्या जागेला आयएस ८७५ भाग २ मध्ये ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर लोड आहे. तो तसाच धरा आणि १.५ ने गुणा. गर्दीचं वजन दहा दिवसांसाठी कमी होत नाही.

३. तक्ता ४ नीट वाचा

ताकदीच्या लिमिट स्टेटसाठी तात्पुरत्या कामात लागणाऱ्या ओळी इतक्याच:

- डेड + लाइव्ह: १.५ आणि १.५
- डेड + लाइव्ह + वारा: डेड १.२, लाइव्ह १.२, वारा ०.६, आणि दुसऱ्यांदा वारा १.२ धरून
- डेड + वारा: डेड १.५ किंवा ०.९, वारा १.५
- डेड + इरेक्शन: डेड १.२ किंवा ०.९, इरेक्शन १.२

भूकंप वाऱ्याच्या जागी येतो, दोन्ही एकत्र धरत नाहीत. झुकाव आणि हालचाल तपासताना, म्हणजे वापराच्या लिमिट स्टेटला, डेड + लाइव्ह आणि डेड + वारा या जोड्यांत फॅक्टर १.० असतो.

इथे नवख्याला एक अडचण येते. तक्त्यात इरेक्शनच्या ओळीत वाऱ्याचा रकाना रिकामा आहे. कलम ३.३ मात्र सांगतं की इरेक्शनच्या काळात येणारे डेड लोड, वारा आणि लाइव्ह लोडचा लागू भाग हे इरेक्शन लोडबरोबर एकत्र धरा. मग वाऱ्याला फॅक्टर कोणता? मी दोन तपासण्या करतो. पहिली, डेड १.२, इरेक्शन १.२, वारा १.२. दुसरी, इरेक्शन लोड पूर्ण काढून, डेड ०.९ आणि वारा १.५. पहिलीत मेंबरची ताकद कळते, दुसरीत उलटणं आणि अँकर बोल्टवरची ओढ. ही माझी पद्धत आहे. तुमच्या ऑफिसची वेगळी असेल तर ती डिझाइन बेसिस रिपोर्टमध्ये लिहिलेली हवी, एवढंच पाहा.

आणखी एक सापळा जुन्या सवयीचा. १९८४ च्या कोडमध्ये, वर्किंग स्ट्रेस पद्धतीत, वारा किंवा भूकंप असेल तर परवानगीचा स्ट्रेस ३३ टक्क्यांनी वाढवता यायचा. ज्येष्ठ मंडळींच्या हातात ती सवय पक्की बसलेली आहे. लिमिट स्टेटमध्ये डेड + लाइव्ह + वारा या जोडीत फॅक्टर आधीच १.५ वरून १.२ वर आलेला आहे. त्यावर पुन्हा ३३ टक्के वाढ घेतली तर एकच सवलत दोनदा घेतली जाते. आदराने, पण स्पष्टपणे, तक्ता समोर ठेवून हे दाखवून द्या.

४. वारा: सवलत इथे मिळते, पण तिची किंमत समजून घ्या

आयएस ८७५ भाग ३ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग के१ ते के४ या गुणकांनी गुणला जातो. के१ हा जोखमीचा गुणक. साधारण इमारतींना ५० वर्षांचं आयुष्य धरून तो १.० असतो. तात्पुरत्या शेड, फॉर्मवर्क आणि बांधकामाच्या अवस्थेतली स्ट्रक्चर यांना ५ वर्षांचं आयुष्य धरतात, आणि तिथे मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद असेल तर के१ ०.७३, ३९ असेल तर ०.७६. मुंबईचा मूळ वेग ४४, पुण्याचा ३९.

मुंबईत मोकळ्या भागात, दुसऱ्या टेरेन कॅटेगरीत, १० मीटर उंचीवर के२ १.०० येतो. बाकीचे गुणक १ धरले तर कायमच्या इमारतीला दाब ०.६ × ४४ × ४४, म्हणजे सुमारे १.१६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. के१ ०.७३ धरल्यावर वेग ३२.१ आणि दाब सुमारे ०.६२. वेग २७ टक्क्यांनी उतरला, पण दाब वर्गाच्या प्रमाणात बदलतो म्हणून तो जवळपास निम्मा झाला. ही फार मोठी सवलत आहे.

आता तिची किंमत. कोडमध्ये के१ ठरवताना धरलेली जोखीम ०.६३ आहे. म्हणजे ठरवलेल्या मुदतीत डिझाइनचा वेग निदान एकदा ओलांडला जाण्याची शक्यता ६३ टक्के. ५ वर्षांच्या के१ साठी याचा अर्थ, साधारण पाच वर्षांतून एकदा येणारा वारा तुम्ही धरलाय. असा वारा दुर्मिळ नाही. ही तफावत भरून काढायला पुढचा १.५ आहे. के१ कमी घेतला आणि वर फॅक्टरही १.२ केला, तर दर काही वर्षांनी येणाऱ्या वाऱ्यालाच स्ट्रक्चर जेमतेम पुरेल.

के१ कमी घेण्याआधी या गोष्टी तपासा.

तात्पुरतं खरंच तात्पुरतं आहे का? साइट ऑफिसची शेड, सिमेंटचं गोडाऊन, लेबर कॅम्पची छपरं काम संपल्यावरही राहतात, मग कोणीतरी ती भाड्याने देतं. मालकाकडून काढण्याची तारीख लेखी मिळत नसेल तर के१ १.० घ्या.

काम कोणत्या महिन्यांत आहे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम संपेल, म्हणून वारा आणखी कमी करू, असा प्रस्ताव येतो. आपल्या कोडमध्ये ऋतूप्रमाणे सवलत नाही. वेळापत्रक लांबतंच, आणि डिसेंबरला संपायचं इरेक्शन मे महिन्यात गेलं की वळवाच्या वादळात सापडतं. घाटकोपरचं होर्डिंग १३ मे २०२४ रोजी अशाच पूर्वमोसमी वादळात पडलं आणि १७ जण दगावले. निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ आलं ते ३ जून २०२० ला. मान्सूनच्या आधीचे हे आठवडे कोकणात आणि मुंबईत गृहीत धरूनच चाला.

परदेशी कोडचा आधार घ्यावा का? युरोपच्या बांधकाम-अवस्थेच्या कोडमध्ये तीन दिवसांच्या कामाला दोन वर्षांतून एकदा येणारा वारा आणि तीन महिन्यांपर्यंत पाच वर्षांतला वारा चालतो. अमेरिकेच्या एएससीई ३७ या कोडमध्ये सहा आठवड्यांपेक्षा कमी मुदतीला वेग ०.७५ ने गुणता येतो. हे वाचून ठेवा, विचार स्पष्ट होतो. पण तिथला वेगाचा आकडा आणि इथला फॅक्टर यांची सरमिसळ करू नका. प्रत्येक कोडमध्ये वेग, गुणक आणि फॅक्टर एकमेकांना धरून ठरवलेले असतात.

आणि एक गोष्ट बरोबर उलटी. बांधकामाच्या अवस्थेत वारा कायमच्या अवस्थेपेक्षा जास्त असू शकतो. तीन बाजूंना पत्रा लागलाय, चौथी उघडी आहे, छप्पर पूर्ण झालंय, अशी शेड आठवा. बंद शेडला, उघडी जागा ५ टक्क्यांच्या आत असेल तर, आतल्या दाबाचा गुणांक ±०.२ असतो. उघडी जागा २० टक्क्यांच्या वर गेली की तोच ±०.७ होतो. छपरावरची बाहेरची ओढ ०.९ धरली तर एकूण उचल १.१ ऐवजी १.६ गुणांकाची, म्हणजे जवळपास दीडपट. के१ च्या सवलतीने ती परत खाली येते हे खरं, पण अशी अर्धवट शेड पैशाअभावी किंवा परवानगीअभावी दोन पावसाळे तशीच राहिली तर? पत्रा लावायचा क्रम म्हणूनच डिझाइनरने ठरवावा. भिंती सगळ्या बाजूंनी सारख्या वर आणा, किंवा छपराआधी उघडी बाजू बंद होईल असं पाहा.

५. उलटण्याची तपासणी: ०.९ विसरू नका

हलक्या तात्पुरत्या स्ट्रक्चरमध्ये मेंबर तुटण्यापेक्षा अख्खं स्ट्रक्चर उलटण्याचा धोका मोठा. नियम असा: उलटवणाऱ्या लोडला पूर्ण फॅक्टर, धरून ठेवणाऱ्या डेड लोडला ०.९. आणि जो लोड असेल-नसेल, तो धरून ठेवण्याच्या बाजूला मोजायचाच नाही.

एक टॉवर घ्या. वजन २० किलोन्यूटन, पाया ३ मीटर रुंद, वाऱ्याचं बल ५ किलोन्यूटन आणि ते ४ मीटर उंचीवर. उलटवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) २०, धरून ठेवणारा २० × १.५ (पायाची अर्धी रुंदी) म्हणजे ३० किलोन्यूटन-मीटर. जुन्या हिशेबाने सेफ्टी फॅक्टर दीड, सगळं ठीक. आता कोडप्रमाणे करा: उलटवणारा १.५ × २० = ३०, धरून ठेवणारा ०.९ × ३० = २७. नापास. खरं तर १.५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे १.६७ एवढं प्रमाण लागतं. इथे २.२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन कमी पडतंय.

ते वजन कशाचं ठेवायचं, हाही डिझाइनचाच प्रश्न. वाळूच्या गोण्या फाटतात, पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या जातात, सुटे विटांचे ढीग दुसऱ्या कामाला उचलले जातात. बेसला बोल्टने जखडलेला काँक्रीटचा ठोकळा असेल तरच मी त्याला डेड लोड म्हणतो.

एकट्या उभ्या कॉलमचंही असंच. अमेरिकेच्या ओशा (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) नियमांत प्रत्येक कॉलमला किमान चार अँकर बोल्ट लागतात, आणि कॉलमच्या माथ्यावर, बाहेरच्या कडेपासून १८ इंचांवर, ३०० पौंडांचं म्हणजे साधारण १३६ किलोचं वजन तो बेस पेलू शकला पाहिजे. कॉलमला शिडी लावून चढणाऱ्या माणसाचा विचार त्यामागे आहे. आपल्याकडे छोट्या शेडमध्ये दोन बोल्टची बेस प्लेट सर्रास दिसते. गाय रोप (कॉलमला बाजूंनी ताणून धरणारे दोर) लागेपर्यंत तो कॉलम कशावर उभा आहे, हे ड्रॉइंग काढतानाच विचारा.

६. छपरावर ठेवलेले पत्र्याचे गठ्ठे

ही अवस्था शेडच्या प्रत्येक कामात येते आणि हिशेबात फार क्वचित असते. आकड्यांनी पाहू.

०.५ मिलिमीटर जाडीचा, ९ मीटर लांबीचा प्रोफाइल पत्रा साधारण १.२२ मीटर रुंदीच्या कॉइलपासून बनतो. एका पत्र्याचं वजन सुमारे ४३ किलो. ५० पत्र्यांचा गठ्ठा २१ किलोन्यूटनच्या वर. पर्लिन १.५ मीटर अंतरावर, गाळा ६ मीटरचा. गठ्ठा उताराच्या दिशेने ठेवला की मधल्या प्रत्येक पर्लिनवर सुमारे ३.५ किलोन्यूटन येतात, तेही मीटरभर रुंदीत. गठ्ठा गाळ्याच्या मध्यावर असेल तर पर्लिनमधला मोमेंट सुमारे ४.८ किलोन्यूटन-मीटर.

तुलनेसाठी, चढायची सोय नसलेल्या कमी उताराच्या छपराचा लाइव्ह लोड ०.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. त्याचा त्याच पर्लिनमधला मोमेंट सुमारे ५.१. म्हणजे एकटा गठ्ठा जवळपास संपूर्ण लाइव्ह लोडइतका. फॅक्टर लावून: लाइव्ह १.५ × ५.१ = ७.६, गठ्ठा १.२ × ४.८ = ५.८. एक गठ्ठा चालतो. दुसरा त्याच्यावर ठेवला की ११.६, आणि तो चालत नाही. पर्लिनचं स्वतःचं वजन दोन्हीकडे आहे, ते इथे सोडून दिलंय.

पण ७.६ ही क्षमता तरी कधीची? पत्रा स्क्रूने लागल्यावर वरच्या फ्लँजला आधार मिळतो, तेव्हाची. गठ्ठा चढतो तेव्हा पत्रा लागलेला नसतो, अनेकदा सॅगरॉडही नसतात. सहा मीटर लांबीचा बारीक पर्लिन आधाराविना आडवा वळून बसतो. त्यामुळे एक गठ्ठाही तपासल्याशिवाय चालतो असं म्हणता येत नाही. माझा नियम: सॅगरॉड आणि छपराचं ब्रेसिंग पूर्ण झाल्याशिवाय गठ्ठा वर जाणार नाही, आणि गेला तर राफ्टरच्या (फ्रेमच्या छपराकडच्या मुख्य बीमच्या) डोक्यावर, गाळ्याच्या मध्यावर नाही. हा नियम पाळला तर फॅक्टरची चर्चा करायची वेळच येत नाही.

७. धक्का आणि आडवं बल

क्रेनने गठ्ठा टेकवताना बसणारा झटका सेफ्टी फॅक्टरमध्ये धरलेला नाही. तो लोडमध्ये आधी वाढवायचा आणि मग फॅक्टर लावायचा. कायमच्या क्रेनसाठी धक्क्याचे आकडे विजेवर चालणाऱ्या ओव्हरहेड क्रेनला २५ टक्के आणि हाताने चालणाऱ्याला १० टक्के असे आहेत. राफ्टरला चेन पुली ब्लॉक टांगायचा असेल तर मी हेच आकडे आधाराला घेतो. पुली ब्लॉकच्या बाबतीत दुसऱ्या बाजूची साखळी ओढण्याचं बलही राफ्टरवर येतं, ते धरायचं राहून जातं.

आडव्या बलासाठी आयएस ८०० मध्ये फॅक्टर लावलेल्या उभ्या लोडच्या ०.५ टक्के काल्पनिक बल आहे. ते बऱ्यापैकी सरळ उभारलेल्या फ्रेमसाठी ठीक. जॅक, प्रॉप, एकमेकांवर रचलेले आधार यांचा ओळंबा तितका नेटका कधीच नसतो. ब्रिटिश बीएस ५९७५ मध्ये सेंटरिंगच्या आधारांसाठी उभ्या लोडच्या २.५ टक्के आडवं बल धरतात, म्हणजे पाचपट. अशा आधारांसाठी मी २.५ टक्के धरतो आणि त्या प्रमाणात ब्रेसिंग देतो. खर्च फारसा वाढत नाही.

८. ताकदीच्या बाजूला तात्पुरती सवलत नाही

मटेरियलचे फॅक्टर बदलत नाहीत: यील्ड (स्टील कायमचं ताणलं जाणं) आणि बकलिंगला (दाबाखाली बाजूला वाकणं) १.१०, बोल्टला १.२५, वर्कशॉपच्या वेल्डला १.२५, साइटवरच्या वेल्डला १.५०. तात्पुरते ब्रॅकेट आणि लिफ्टिंग लग बहुतेक साइटवरच, उंचीवर, वाकड्या जागी वेल्ड होतात. त्यांना १.२५ लावला तर क्षमता २० टक्के फुगवून दाखवली जाते.

तात्पुरत्या कामाला बहुतेक जुनं स्टील वापरतात. मागच्या साइटवरून आलेले आयएसएमबी (आय आकाराचे बीम), कापून-जोडून वापरलेले चॅनेल. मिल टेस्ट सर्टिफिकेट नसलेलं स्टील कोडनुसार फक्त बिनमहत्त्वाच्या मेंबरमध्ये चालतं, नाहीतर टेस्ट करून घ्यावी लागते. गंज खरवडून जाडी मोजा आणि मोजलेल्या जाडीवर हिशेब करा. वाकलेला मेंबर कॉम्प्रेशनमध्ये घेऊच नका.

जोडांत त्या अवस्थेला किती बोल्ट लागलेले असतील तेही पाहा. ड्रॉइंगवर आठ असले तरी क्रेन सोडताना दोनच लागलेले असतात.

९. ठरवलेलं साइटपर्यंत पोहोचवा

इरेक्शन लोडला १.२ लावलात तो लोड ताब्यात आहे असं धरून. ते खरं ठेवायचं तर मर्यादा साइटवर दिसली पाहिजे, आणि तीही मुकादमाला वापरता येईल अशा शब्दांत. "२.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर" असं लिहू नका. "या प्लॅटफॉर्मवर एका वेळी सहा माणसं आणि वेल्डिंगची दोन मशीन, याहून जास्त काही नाही" असं लिहा. गठ्ठ्यांची मर्यादा किलोत नको, गठ्ठ्यांच्या संख्येत द्या, आणि ठेवायच्या जागा ड्रॉइंगवर चौकोन काढून दाखवा.

इरेक्शनच्या ड्रॉइंगवर माझ्या टिपा साधारण अशा असतात. के१ किती धरला आणि म्हणून कोणत्या तारखेपर्यंत हे स्ट्रक्चर या अवस्थेत ठेवता येईल. कोणती ब्रेसिंग तात्पुरती आहे, ती वेगळ्या रंगाने रंगवायची सूचना. कोणता बोल्ट लागेपर्यंत क्रेन सोडायची नाही. किती वारा सुटला की काम थांबवून गाय रोप तपासायचे. साइटवर वारा मोजायचं साधन नसेल तर ते मागवून घ्या.

तात्पुरती ब्रेसिंग काढण्याची परवानगी वेगळी ठेवा. ती कोणी काढायची, कशानंतर काढायची आणि आधी कोणाला विचारायचं, ही तीन उत्तरं ड्रॉइंगवर असू द्या. कायमची ब्रेसिंग पूर्ण बोल्ट करून, कॉलमचा ओळंबा तपासून आणि बेस प्लेटखाली ग्राउट भरून तो पक्का झाल्यावरच मी त्या परवानगीवर सही करतो. त्याआधी दुसऱ्या गाळ्यासाठी तेच अँगल हवेत म्हणून साइटवरून घाई होते. अशा वेळी नवीन अँगल मागवायला सांगा.